पिन कोडवरून स्थानिक बातमीपत्राचा वाचकवर्ग ठरवावा का?

प्रश्न – मुठाकाठ

आम्ही काही मित्र मिळून पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरासाठी एक छोटे मराठी बातमीपत्र चालवतो. दर शनिवारी सकाळी ते ईमेलने आणि व्हॉट्सॲपवर जाते. पाणी कोणत्या दिवशी बंद राहणार आहे, कोणता रस्ता खोदला जाणार आहे, शाळांचे प्रवेश कधी सुरू होणार आहेत, क्षेत्रीय कार्यालयात कोणत्या तक्रारी पडून आहेत, अशा बातम्या त्यात असतात. मोठ्या दैनिकांच्या शहर पुरवणीत यांतल्या बहुतेक बातम्यांना दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण त्यांना लोणावळ्यापासून बारामतीपर्यंतचा वाचक सांभाळायचा असतो. याच मजकुराची चार पानी छापील आवृत्ती काढून ती घरोघरी द्यावी, असे आता आमच्या मनात आहे.

अडचण हद्दीची आहे. जाहिरातदार सर्वांत आधी 'तुमचे वाचक नेमके कुठले?' असे विचारतो आणि त्यावर 'सिंहगड रस्ता' एवढे उत्तर पुरत नाही. हा रस्ता कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो याबद्दल आमच्यातच एकमत नाही. कोणी दांडेकर पुलापासून मोजतो, कोणी राजाराम पुलापासून. दुसरे टोक कोणाच्या मते धायरी फाट्यावर आहे, तर कोणाच्या मते थेट खडकवासला धरणाच्या भिंतीशी.

एका सहकाऱ्याने सुचवले की हा वाद पिन कोडवर सोडवावा. हिंगणे खुर्द आणि आनंदनगरचा ४११०५१, वडगाव बुद्रुक, धायरी, नऱ्हे आणि नांदेडचा ४११०४१, तर किरकटवाडी आणि खडकवासल्याकडचा ४११०२४, असे तीन क्रमांक घेतले की आपले क्षेत्र ठरले, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यात तथ्य आहे. पिन कोड सर्वांना तोंडपाठ असतो, नोंदणीच्या अर्जात एकच रकाना लागतो, यादी आपोआप लावता येते, आणि जाहिरातदारालाही ती भाषा लगेच कळते. दांडेकर पुलाजवळचा भाग मात्र ४११०३० मध्ये जातो, आणि 'पुणे ३०' म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांसमोर सदाशिव पेठ उभी राहते त्यांना आपण सिंहगड रस्त्याचे वाचक कसे म्हणणार, हा पेच पहिल्याच दिवशी निर्माण झाला.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. आमच्या नोंदणी यादीत लातूर आणि मराठवाड्यातले इतर पिन कोड बऱ्याच संख्येने दिसतात. चौकशी केल्यावर कळले की ही मंडळी नऱ्हे आणि आंबेगाव भागात भाड्याने राहतात, पण पत्ता म्हणून आधार कार्डावरचा, म्हणजे गावाकडचा क्रमांक लिहितात. केवळ पिन कोडवरून यादी गाळली असती, तर आमचे सर्वांत नियमित वाचक आम्हीच वगळले असते.

स्थानिक बातम्यांचा वाचकवर्ग पिन कोडच्या हद्दीवरून ठरवणे कितपत योग्य आहे आणि त्याऐवजी किंवा त्याच्या जोडीला दुसरे काय वापरावे, हे ज्यांनी असे काम केले आहे किंवा ज्यांना टपाल, महापालिका, नकाशे यांची आतली माहिती आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


उत्तर – बटवडा

मी टपाल खात्यात सॉर्टिंगपासून सुरुवात केली आणि उपडाकघराचा पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे पिन कोड हा प्रकार खात्याच्या आतून कसा दिसतो, तेवढे सांगतो.

पिन कोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संचार मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृतचे मोठे पंडित होते. आपल्या लोकांना हे फारसे ठाऊक नसते म्हणून मुद्दाम नोंदवतो. सहा आकड्यांपैकी पहिला आकडा विभागाचा असतो. आपला ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा मिळून आहे. पहिले तीन आकडे मिळून टपाल कोणत्या केंद्रात वेगळे काढायचे ते सांगतात आणि शेवटचे तीन आकडे बटवडा करणारे डाकघर दाखवतात. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिप्या आणि वाचता न येणारी अक्षरे यांतून पत्र योग्य पिशवीत पडावे, एवढाच या सगळ्याचा हेतू होता. तिथे कोण राहतो, कोणत्या नगरपालिकेला कर भरतो, कोणाला मत देतो, याच्याशी त्याचा कधीच संबंध नव्हता.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी ४१५ने सुरू होणारे क्रमांक पाहावेत. सातारा ४१५००१, विटा ४१५३११, इस्लामपूर ४१५४०९, चिपळूण ४१५६०५ आणि रत्नागिरी ४१५६१२. साताऱ्याचा, सांगलीचा आणि कोकणातल्या रत्नागिरीचा भाग एकाच तीन आकड्यांखाली आला आहे, आणि मध्ये सह्याद्री उभा आहे. लोणावळा ४१०४०१, जुन्नर ४१०५०२ आणि पनवेल ४१०२०६ हेही असेच एकत्र बसले आहेत. कोणताही जिल्हाधिकारी किंवा संपादक अशी विभागणी करणार नाही. टपालाच्या पिशव्या ज्या मार्गाने जायच्या, त्या मार्गाच्या दृष्टीने मात्र ती सोयीची असते.

आता शेवटच्या तीन आकड्यांकडे येतो, कारण आपला प्रश्न तिथला आहे. बटवड्याच्या डाकघरात बीट असतात आणि प्रत्येक बीट एका पोस्टमनकडे असते. एखादी नवी सोसायटी उभी राहिली की ती कोणत्या बीटमध्ये टाकायची हे पोस्टमन रोज कुठून कुठे जातो आणि त्याच्यावर किती ओझे आहे, यावरून ठरते. मध्ये ओढा असेल, रेल्वे फाटक असेल किंवा दुभाजक ओलांडता येत नसेल, तर समोरासमोरच्या दोन इमारती दोन बीटमध्ये आणि कधी कधी दोन डाकघरांत जातात. वस्ती फार वाढली की नवे बटवडा डाकघर निघते आणि जुन्या क्रमांकातून नवा क्रमांक वेगळा होतो. तरीही लोक पुढे कित्येक वर्षे जुनाच क्रमांक लिहितात आणि पत्र पोहोचतेही, कारण पोस्टमनला माणसे ठाऊक असतात. म्हणून अर्जात लिहिलेला पिन कोड हा त्या माणसाच्या सवयीचा पुरावा असतो, घराच्या जागेचा असतोच असे नाही.

बरीच वर्षे या क्रमांकांच्या हद्दी नकाशावर रेषेच्या रूपात अधिकृतपणे उपलब्धच नव्हत्या. खात्याची यादी होती, तीत डाकघराचे नाव, क्रमांक, ते बटवडा करते की नाही, आणि जिल्हा एवढेच मिळायचे. इंटरनेटवर जे रंगीत नकाशे फिरत होते ते लोकांनी अंदाजाने काढलेले होते. २७ मे २०२५ रोजी खात्याने डिजिपिन आणि त्यासोबत 'नो युवर पिन कोड' ही सुविधा सुरू केली. तीत आपण उभे आहोत त्या ठिकाणाचा क्रमांक भूसीमांवरून मिळतो. डिजिपिन हा दहा अक्षर-आकड्यांचा असून सुमारे ४ मीटर बाय ४ मीटरचा चौकोन दाखवतो. बातमीपत्राला एवढ्या बारकाईची गरज नाही आणि वाचकाने ती माहिती तुम्हाला द्यावी असेही मला वाटत नाही. वाचकाच्या फोनवरून पिन कोड पडताळून घ्यायचा असेल, तर मात्र आता तशी सोय आहे.

छापील आवृत्तीबद्दल माझे स्पष्ट मत असे की पिन कोडवर आखणी करू नये, बीटवर करावी. खात्याची 'डायरेक्ट पोस्ट' नावाची सेवा आहे. तीत नाव-पत्ता नसलेले छापील साहित्य ठरावीक भागात वाटले जाते. आपल्या भागातल्या बटवडा डाकघरात जाऊन पोस्टमास्तरांना भेटा आणि कोणत्या बीटमध्ये कोणत्या वस्त्या येतात ते त्यांच्याकडून समजून घ्या. दुसरा मार्ग वृत्तपत्र विक्रेत्यांचा आहे. त्यांच्या लाइनी ठरलेल्या असतात, कोणत्या इमारतीत मराठी वृत्तपत्र किती घरी जाते हे त्यांना पक्के माहीत असते, आणि ही माहिती कोणत्याही पिन कोडातून निघणार नाही. मला विचाराल तर मी आधी विक्रेत्यांकडे जाईन, आमच्या खात्याकडे नंतर. हे लिहिताना माझ्या जुन्या सहकाऱ्यांची क्षमा मागतो.


उत्तर – प्रभागवार्ता

महापालिकेचे वार्तांकन अनेक वर्षे करत असल्यामुळे माझा कल साहजिकच प्रभागांकडे आहे, पण प्रभागही किती डळमळीत असतात ते आधी सांगायला हवे. पुणे महापालिकेची २०१७ची निवडणूक चार सदस्यांच्या पद्धतीने ४१ प्रभागांत झाली आणि १६२ नगरसेवक निवडून आले. २०२२साठी तीन सदस्यांची पद्धत धरून ५८ प्रभाग आणि १७३ सदस्य अशी रचना झाली, ती कागदावरच राहिली. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक आले. २०२५ मध्ये पुन्हा ४१ प्रभाग आणि १६५ सदस्य अशी रचना झाली, आणि तिच्यातला ४१ हा आकडा जुना असला तरी रेषा जुन्या नाहीत. ज्याने २०१७ मध्ये आपल्या वाचकांना प्रभाग क्रमांक लावून ठेवले असतील, त्याला ते सगळे दोनदा पुसावे लागले असते. शिवाय सामान्य वाचकाला आपला प्रभाग क्रमांक माहीत नसतो. निवडणुकीच्या आधी पंधरा दिवस तो कळतो आणि नंतर पंधरा दिवसांत विसरला जातो. पिन कोड लोकांच्या लक्षात राहतो, हा त्याचा मोठा गुण मी नाकारत नाही.

तरीही प्रभागाची रचना ज्या विटांनी होते त्या विटा उपयोगाच्या आहेत. राज्य निवडणूक आयोगाच्या नियमांप्रमाणे प्रभाग जनगणनेच्या प्रगणक गटांतून, म्हणजे मोजणीसाठी एकेका कर्मचाऱ्याला नेमून दिलेल्या घरांच्या गटांतून, बांधले जातात आणि प्रारूप रचनेसोबत प्रत्येक प्रभागाचे नकाशे आणि चतुःसीमा प्रसिद्ध होतात. त्या चतुःसीमांमध्ये रस्ते, नाले, सोसायट्यांच्या हद्दी नावानिशी लिहिलेल्या असतात. आपल्या जनगणनेत पिन कोड हे एकक नाही; ती गाव, शहर, प्रभाग आणि प्रगणक गट यांनुसार होते. म्हणजे '४११०४१ची लोकसंख्या किती' या जाहिरातदाराच्या प्रश्नाला अधिकृत उत्तरच नाही. कोणी तसा आकडा छातीठोकपणे सांगत असेल, तर तो कसा काढला हे विचारावे.

तुमच्या परिसरापुरते बोलायचे तर ४११०४१ हा एकच क्रमांक किती निरनिराळे इतिहास झाकतो ते पाहा. वडगाव बुद्रुक महापालिकेत आधीपासून आहे. धायरीचा उरलेला भाग २०१७ च्या ११ गावांबरोबर आला. नऱ्हे आणि नांदेड २०२१ च्या २३ गावांबरोबर आले, आणि त्याच वेळी किरकटवाडी, नांदोशी, खडकवासला हीही गावे आली, पण त्यांपैकी किरकटवाडी आणि खडकवासल्याचा क्रमांक ४११०२४. वडगावचा रहिवासी आणि नऱ्ह्याचा रहिवासी पिन कोडने शेजारी आहेत. परंतु मिळकतकर, सांडपाण्याच्या वाहिन्या, पाणीपुरवठा यांबाबत त्यांचे प्रश्न एकसारखे नाहीत. उलट नांदेड आणि किरकटवाडी हे वेगळ्या क्रमांकाचे असूनही त्यांचे दुखणे एक आहे.

जानेवारी २०२५ मध्ये गुइलेन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचा उद्रेक झाला तेव्हा हे फार प्रकर्षाने समोर आले. सिंहगड रस्त्याकडचे रुग्ण नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, धायरी या पट्ट्यात जास्त आढळले आणि नांदेड गावातल्या विहिरीतून आसपासच्या गावांना जाणाऱ्या पाण्याकडे संशयाने पाहिले गेले. त्या आठवड्यांत एखाद्या बातमीपत्राने 'पाणी उकळून प्या' हा मजकूर ४११०४१च्या सगळ्या वाचकांना पाठवून ४११०२४च्या वाचकांना वगळले असते, तर ज्यांना गरज नव्हती त्यांच्यापर्यंत घबराट पोहोचली असती आणि ज्यांना गरज होती ते राहून गेले असते. त्या बातमीचा वाचकवर्ग जलवाहिनीने ठरवला होता. कोणते घर कोणत्या टाकीवर आहे, कोणाकडे टँकर येतो, कोणाकडे बोअर आहे, हा नकाशा पालिकेच्या पाणीपुरवठा विभागाकडे तुकड्यातुकड्यांत मिळतो. तो जुळवणे कंटाळवाणे आहे, पण बातमीपत्र चालवणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी तो कंटाळा पत्करावा असे मला वाटते.

पुराचेही तसेच आहे. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत घरे बुडाली. सिंहगड रस्त्याकडच्या आनंदनगरचा क्रमांक ४११०५१ आणि नदीपलीकडच्या कर्वेनगरचा ४११०५२. मुठा नदीत सोडलेला विसर्ग दोन्ही काठांना सारखाच लागू असतो. तुमच्या तीन क्रमांकांच्या आखणीत कर्वेनगर कुठेच नाही, आणि एरवी ते नसणे बरोबरही आहे. परंतु धरणातून विसर्ग वाढणार असल्याच्या बातमीसाठी नदीकाठच्या कर्वेनगरकराला तुमच्या यादीत जागा हवी.


उत्तर – वाकडवासी

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण पिन कोडची दुसरी बाजू कोणी मांडलेली दिसत नाही म्हणून थोडक्यात लिहितो. आमचा ४११०५७ हा क्रमांक वाकडचाही आहे आणि हिंजवडी, मारुंजीचाही. वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत, हिंजवडी ग्रामपंचायतीत, माहिती-तंत्रज्ञान उद्यान औद्योगिक विकास महामंडळाकडे आणि आजूबाजूचे नियोजन महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे अशी इथली वाटणी आहे. वाहतुकीची कोंडी झाली की प्रत्येक यंत्रणा दुसरीकडे बोट दाखवते. प्रशासकीय हद्दींवर बातम्यांची आखणी केली असती, तर एकाच कोंडीत तासभर अडकलेल्या माणसांना तीन निरनिराळी बातमीपत्रे वाचावी लागली असती. आमच्या इथे रहिवाशांना 'आपण एका परिसरातले' ही जाणीव देणारी जी थोडी साधने आहेत त्यांत पिन कोड आहे. महापालिकेची रेषा ज्यांना तोडते त्यांना पिन कोड कधी कधी जोडतो, हे लक्षात ठेवून मगच तो टाकून द्यावा. वाघोलीचेही उदाहरण आहे: गाव २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आले, क्रमांक मात्र ग्रामीण भागाचा ४१२२०७ हाच राहिला, आणि हद्दीबाहेरच्या केसनंदचाही तोच आहे. तिथल्या लोकांचा बाजार आणि रस्ता अजूनही एकच आहे.


उत्तर – मिशिगनकर

मी मूळचा धायरीचा, गेली अनेक वर्षे अमेरिकेत मिशिगन राज्यात राहतो. प्रभागवार्ता यांनी पाण्याचा मुद्दा काढला म्हणून इथले एक उदाहरण सांगतो, कारण ते आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेले आहे.

इथला झिप कोड, म्हणजे अमेरिकेतला पिन कोड, १९६३ मध्ये सुरू झाला आणि तोही मुळात बटवड्याच्या मार्गांचा संच आहे. त्याला स्वतःची हद्दरेषा नाही. तरीही इथे लोकसंख्या, उत्पन्न, आजार अशा कित्येक गोष्टी झिप कोडनुसार मोजल्या जातात. इतक्या, की जनगणना विभागाने २००० पासून झिप कोडशी मिळतीजुळती स्वतंत्र क्षेत्रे आखून त्यांची आकडेवारी देणे सुरू केले.

फ्लिंट हे आमच्या राज्यातले शहर. एप्रिल २०१४ मध्ये शहराने डेट्रॉइटच्या यंत्रणेचे पाणी सोडून फ्लिंट नदीचे पाणी घेतले. ते पाणी नळांना खाणारे होते, त्यावर योग्य प्रक्रिया झाली नाही, आणि जुन्या वाहिन्यांतले शिसे पाण्यात उतरले. लहान मुलांच्या रक्तातल्या शिशाचे प्रमाण वाढले का, हे राज्याच्या आरोग्य खात्याने पाहिले ते झिप कोडनुसार. पत्त्यात 'फ्लिंट' असलेल्या झिप कोडांतली सुमारे एक तृतीयांश घरे प्रत्यक्षात शहराबाहेर होती आणि त्यांच्याकडे शहराचे पाणी येतच नव्हते. ती निरोगी मुले हिशेबात मिसळल्यामुळे वाढ पातळ होऊन दिसेनाशी झाली. बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अटिशा आणि मिशिगन स्टेट विद्यापीठातले भूगोलतज्ज्ञ रिचर्ड सॅडलर यांनी प्रत्येक मुलाचा पत्ता नकाशावर टाकून, शहराचे पाणी मिळणारी घरे वेगळी काढली, तेव्हा वाढ ठळक दिसली. सप्टेंबर २०१५ मध्ये ते निष्कर्ष जाहीर झाले आणि पुढच्याच महिन्यात शहर पुन्हा डेट्रॉइटच्या पाण्यावर गेले.

बातमीपत्राच्या दृष्टीने यातला धोका असा की क्रमांकानुसार वाचकांचे सर्वेक्षण केले, 'आमच्या परिसरातील इतक्या टक्के लोकांना गढूळ पाणी येते' असे छापले, आणि तो आकडा त्या क्रमांकातल्या कोरड्या आणि चांगल्या पाण्याच्या घरांमुळे खाली आला, तर छापलेली बातमी खोटी नसूनही दिशाभूल करते. जिथे क्रमांकात येणारी वस्ती एकजिनसी नाही तिथे सरासरी काढूच नये.

छापील वाटपाबाबत बटवडा काका म्हणतात त्याला इथूनही दुजोरा मिळतो. अमेरिकेच्या टपाल खात्याची पत्त्याविना प्रत्येक घरी साहित्य पोहोचवण्याची सेवा आहे आणि ती झिप कोडवर थांबत नाही. त्याखालच्या एकेका पोस्टमनच्या मार्गापर्यंत निवड करता येते. टेक्सासमध्ये २००५ मध्ये सुरू झालेले एक स्थानिक वृत्तपत्र प्रत्येक घराच्या टपालपेटीत मोफत पडते आणि त्याच जोरावर वाढले. ब्रिटनमध्ये तर पूर्ण पोस्टकोड सरासरी पंधराएक घरांचाच असतो, त्यामुळे तिथे 'पोस्टकोडवरून बातमी' म्हणजे जवळजवळ गल्लीची बातमी होऊ शकते. आपल्याकडे संपूर्ण देशाला मिळून सुमारे १९,००० क्रमांक आहेत. एकच शब्द वापरून या दोन देशांतल्या प्रयोगांची तुलना करणाऱ्या लेखांपासून सावध राहावे.


मुठाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. वाचल्यावर आम्ही असे ठरवतो आहोत की नोंदणी अर्जात पिन कोड ठेवायचा, पण त्याखाली 'सध्या राहता ती सोसायटी, वस्ती किंवा वाडी' असा रकाना अनिवार्य करायचा आणि प्रत्येक वस्तीला आमच्याकडे काही खुणा लावायच्या: पाणी कुठून येते, क्षेत्रीय कार्यालय कोणते, नदीकाठ आहे की नाही, शाळेची बस कोणत्या चौकात थांबते. बातमी लिहिणाऱ्याने ती कोणत्या खुणेची आहे ते सांगायचे. वाकडवासींचा मुद्दा धरून सर्वसाधारण शनिवारचा अंक मात्र सगळ्यांना एकच राहील.

दोन शंका उरल्या आहेत. भाड्याने राहणारे विद्यार्थी दर वर्षी जागा बदलतात. त्यांच्याकडून ही माहिती ताजी कशी ठेवावी? आणि जाहिरातदाराला वस्त्यांची लांबलचक यादी नको असते, त्याला एक आकडा हवा असतो, त्याचे काय करावे?


प्रभागवार्ता

विद्यार्थ्यांना पत्ता विचारूच नका. जून-जुलैमध्ये नवे वर्ष सुरू होते तेव्हा अंकाच्या तळाशी एकच प्रश्न ठेवा: 'तुमच्याकडे पाणी नळाचे येते, टँकरचे की बोअरचे, आणि जवळचा चौक कोणता?' भाडेकरू या प्रश्नाचे उत्तर लगेच देतो, कारण तो त्याचा रोजचा विषय असतो. 'कायमचा पत्ता' म्हटले की तो आधार कार्ड काढतो आणि लातूर लिहितो. ज्यांनी गावाकडचा क्रमांक दिला आहे त्यांना काढू नका. त्यांच्यात सुट्टीला गेलेले विद्यार्थी आहेत, मिशिगनकरांसारखे परिसर सोडून गेलेलेही असतील. त्यांना वाचक म्हणून मोजावे, जाहिरातदाराला सांगायच्या आकड्यात धरू नये.

जाहिरातदाराला पिन कोडनुसार आकडा खुशाल द्या, तिथे तो क्रमांक शोभतो. फक्त आकडा नोंदणीकृत वाचकांचा आहे, त्या क्रमांकातल्या रहिवाशांचा नाही, हे दरपत्रकावर लिहा. शिकवणी वर्ग किंवा दवाखाना चालवणाऱ्याला तीनही क्रमांक मिळून आलेला आकडा आवडतो; दूध, किराणा किंवा इस्त्रीच्या दुकानाला आपल्या चौकाच्या आसपासचीच घरे हवी असतात, त्यांना वस्त्यांची यादीच दाखवा आणि दर कमी लावा.


बटवडा

छापील आवृत्ती नियमित काढणार असाल तर वाटपाच्या आधी नोंदणीचे पाहा. १ मार्च २०२४पासून १८६७चा जुना कायदा जाऊन प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा, २०२३ लागू झाला आहे; शीर्षक आणि नोंदणीचा अर्ज आता प्रेस सेवा पोर्टलवर एकत्रच करता येतो. वृत्तपत्रांसाठी टपालाचा सवलतीचा दर असतो तो नोंदणी झालेल्या नियतकालिकांनाच मिळतो, आणि त्यासाठी टपाल खात्याकडेही वेगळी नोंदणी करावी लागते. सवलतीच्या दराने पाठवलेल्या प्रतीवर नाव-पत्ता लागतो, डायरेक्ट पोस्टमध्ये लागत नाही. हे दोन हिशेब वेगवेगळे मांडून पाहा. सुरुवातीला एकाच डाकघराच्या दोन-तीन बीट घ्याव्यात, त्यातही एक जुन्या गावठाणाची आणि एक नव्या सोसायट्यांची असावी. मोठ्या सोसायट्यांत पोस्टमन प्रत्येक दाराशी जात नाही, टपाल खाली पेट्यांमध्ये किंवा सुरक्षारक्षकाकडे राहते, त्यामुळे अंक वरपर्यंत जातो का हे तिथल्या एखाद्या ओळखीच्या घरी विचारून घ्या.